परतबाईने पसंत केलेलं कुलूप

कुलूपवाल्यांच्या गल्लीत तिला परतबाई म्हणत. तोंडावर म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती.

नवं कुलूप ठोकून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं नाही, हा त्या धंद्याचा रिवाज. कुलूप फळीवर लावायचं आणि लाकडी हातोडीने तीन ठोके द्यायचे. हिसक्याने उघडलं तर नापास. टिकलं तर तोंडाने ‘झालं’ म्हणायचं आणि मग किल्ली लावून उघडायचं. हा शेवटचा भाग बाकीच्या दुकानांत आळसाने गाळला जाई. परतबाई तो कधीच गाळत नसे. "बंद राहतं पण उघडत नाही, त्याला कुलूप म्हणत नाहीत, खिळा म्हणतात," असं ती म्हणायची. तिच्या ‘झालं’च्या पाठोपाठ ‘आता उघड’ यायचंच. आणि कुलूप नापास झालं की ते कारागिराच्या मांडीवर येऊन आदळायचं, बरोबर एकच शब्द: "परत!"

हे काम तिला कुणी हौसेने दिलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याने तिच्या हातात तारेचं भेंडोळं आणि एक लोखंडी सळई दिली. सळईवर तार गुंडाळून कुलपाच्या स्प्रिंगा कशा वळायच्या ते एकदा दाखवलं. दुसऱ्यांदा दाखवायचा त्याचा स्वभाव नव्हता. वेढा सैल पडला की कानशीची चपटी बाजू तिच्या बोटांवर बसे. तिने रडून दाखवलं नाही, शिकून दाखवलं. पुढे तिचा कान असा तयार झाला की नुसत्या खटक्यावरून ती स्प्रिंगचा दोष सांगू लागली. मग कुलपं ठोकून बघायचं काम आपोआप तिच्याकडे आलं, आणि पहिल्या फटक्यात नवऱ्याचंच कुलूप नवऱ्याच्या मांडीवर जाऊन पडलं. त्यानंतर त्या दुकानात कानस फक्त लोखंडावर चालली.

इथवर ऐकून तिच्याबद्दल कळवळा दाटून आला असेल, तर जरा दमाने घेतलेलं बरं. मार खाऊन काही माणसं मऊ होतात. ही झाली नाही. तिच्या एकुलत्या एक मुलाने मिसरूड फुटायच्या वयात पहिलं कुलूप केलं. महिनाभर खपून, घासून, आरशासारखं चमकवून त्याने ते आईपुढे ठेवलं. दुकानात गिऱ्हाइकं होती. ती निघून जाईपर्यंत थांबावं एवढी दयामाया तिच्याकडे नव्हती. तिने हातोडी उचलली आणि पहिल्याच ठोक्याला कुलपाने आ वासला.

"ठोंब्या," ती म्हणाली, "हे कुलूप नाही, ही विनंती आहे."

गिऱ्हाइकं पोट धरून हसली. तो विनोद गल्लीत वर्षानुवर्षं फिरत राहिला. मुलगा मोठा झाला, हाताखालची माणसं त्याला मिस्त्री म्हणू लागली, पण आईच्या लेखी तो ठोंब्याच होता. त्याची कुलपं पुढे टिकायला लागली, नाही असं नाही. पण ‘झालं’ हा शब्द ती फक्त नवऱ्याच्या कुलपांसाठी राखून ठेवायची. मुलाचं कुलूप टिकलं तर नुसतं ‘उघड’ म्हणायची आणि पुढचं उचलायची. मिस्त्रीचे केस पिकायला लागले तरी त्याचे कान त्या एका शब्दाकडे लागलेले होते. असं कुणाजवळ बोलायचं म्हणजे हसू करून घ्यायचं, म्हणून तो बोलला नाही.

नवरा गेला, कारखान्यांची स्वस्त कुलपं आली, दुकानाचं भाडं झेपेना. दुकानाची जागा एका चष्मेवाल्याने घेतली. मिस्त्रीने घराच्या तळमजल्यावर एक टेबल टाकलं, त्याला काम घट्ट पकडून ठेवणारा लोखंडी शेगडा बसवला आणि गोदामांच्या दारांच्या कड्या-कोयंडे करून द्यायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावर ते तिघं राहत: तो, त्याची बायको आणि आई. कुलपं ठोकायला आईला खाली बोलवायचं मात्र त्याने बंद केलं. "आई, आयुष्यभर राबलीस, आता आराम कर," असं तो म्हणाला. वाक्य ऐकायला मायेचं आहे. त्याच्या मनात एवढंच होतं की आता आपलं कुलूप कुणी आपल्या मांडीवर फेकणार नाही.

आराम तिला मानवला नाही. हळूहळू तिच्या डोक्यातल्या गोष्टी जागा सोडू लागल्या. किल्ल्या साखरेच्या डब्यात सापडायच्या. सुनेला ती "तू कुणाची गं?" असं विचारायची. नवरा गेलाय हे तिला सकाळी आठवायचं आणि दुपारी नाही. आणि मग ती घराबाहेर पडायला लागली. काठी टेकत, रस्ते ओलांडत ती थेट जुन्या दुकानात जायची आणि चष्मेवाल्याच्या काउंटरवर मुठीने ठोकायची. तिच्या मते माल नापास झाला होता आणि तो कारागिराला दाखवायचा होता.

चष्मेवाला भला माणूस. पहिले काही दिवस तोच तिला हाताला धरून घरी आणून सोडायचा. मग त्याचाही धीर सुटला.

"मिस्त्री, आईंना सांभाळा हो," तो दारात उभा राहून म्हणाला. "आज एका गिऱ्हाइकाच्या नाकावरचा चष्मा काढून काउंटरवर तीनदा आपटला. काच तडकली तर म्हणतात कशा, परत!"

मिस्त्री हसला. त्याला हसू आलं ते चष्मेवाल्याच्या फजितीचं, कारण या खेपेला मांडी दुसऱ्याची होती.

पण एक दिवस ती मालाच्या ट्रकसमोर गेली. ड्रायव्हरने ब्रेक दाबला म्हणून वाचली. ट्रकचा पुढचा दिवा तिच्या खांद्याला घासून गेला होता. सून तिला घेऊन आली, पलंगावर बसवलं आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, मी दिवसभर त्यांच्या मागे किती धावू? स्वयंपाक करू की जिन्याला टेकून पहारा देऊ? तुम्ही जगाच्या गोदामांना कुलपं करता. घरच्या एका दाराला करता येत नाही?"

दाराला बाहेरून साधी कडी होती, ती आतून हादरवली की निघे. तिला रोजचं कुलूप लावायचं तर दोन्ही हात रिकामे लागत, आणि सुनेच्या हातात कधी ताट, कधी पाण्याची बादली, कधी सासूचे ओले कपडे. म्हणून मिस्त्रीने डोकं चालवलं. दारावर बिजागरीने फिरणारी लोखंडी पट्टी, तिच्या टोकाला भोक असलेला एक कान. चौकटीवर छोटी पेटी. पेटीत एक जाड जीभ उभी, तिच्याखाली स्प्रिंग. पट्टी कोपराने ढकलली की कान पेटीत शिरे, जीभ खाली दबे आणि स्प्रिंगच्या जोरावर वर उसळून कानात घुसे. खट्. बंद करायला किल्ली नको, हात नको. किल्ली फक्त उघडायला. कोपराला त्रास नको म्हणून त्याने स्प्रिंग मऊ ठेवली होती.

काम झाल्यावर मिस्त्री ती पट्टी पुन्हापुन्हा लावून बघत होता. आत आई होती याचं त्याला त्या वेळी भान नव्हतं, असं म्हणायला हवं. नाहीतर दुसरं काहीतरी म्हणावं लागेल.

दुसऱ्याच दिवशी परतबाई चष्मेवाल्याच्या दुकानात हजर.

मिस्त्री बायकोवर उखडला. "एक दार लावता येत नाही तुला? कोपराने ढकलायचं फक्त! तेही जमत नसेल तर तुझं डोकंसुद्धा तिच्याच वाटेने चाललंय."

"मी लावलं होतं," ती म्हणाली.

"कुलूप खोटं बोलत नाही."

हे वाक्य बायकोच्या मनाला लागलं. पुढच्या वेळी तिने नवऱ्याला ओढत वर आणलं, त्याच्या डोळ्यांदेखत दार लावलं, पट्टी ढकलली, खटका वाजला. दोघं बोळात भिंतीला पाठ लावून उभे राहिले. आतून पलंगाचा करकर आवाज आला, मग काठीचा. काठी दारापाशी थांबली. मग चौकटीला लागून, बरोबर पेटीच्या मागच्या अंगाला, काठीच्या मुठीचे ठोके पडले. एक. दोन. तिसऱ्याला पेटीतली जीभ धसकून खाली बसली, पट्टी सुटली, आणि दार ढकलत परतबाई बाहेर आली.

"परत!" ती मुलाच्या तोंडावर म्हणाली आणि जिन्याकडे चालू लागली.

म्हणजे तिला पळायचं नव्हतंच. कुलूप ठोकून बघायचं होतं. ते उघडलं, म्हणून ते कारागिराकडे घेऊन जायचं होतं. साधा, सरळ हिशोब. सुनेला तो तिथल्या तिथे कळला आणि तिचे डोळे भरले. मिस्त्रीला फक्त एवढंच कळलं की आपलं कुलूप पुन्हा नापास झालं, तेही बायकोसमोर.

त्याने जाड स्प्रिंग टाकून बघितली, तर पट्टी कोपराने ढकलेना. जीभ हलकी केली, तर ती वाकली. काही केल्या तीन ठोक्यांपुढे कुलूप तग धरेना. मिस्त्री जेवेना, बोलेना. शेवटी एका दुपारी त्याने पेटी काढून खाली आणली, शेगड्यात धरली आणि कपाळाला हात लावून बसला. सून वर कपडे वाळत घालत होती. दाराला कुलूप नव्हतं म्हणून आई काठी टेकत खाली उतरली. आणि कोण जाणे कसं, तेल आणि लोखंडाच्या वासाने असेल, तिचं डोकं त्या दुपारी लख्ख होतं.

"काय रे ठोंब्या, काय अडलंय?"

तिने त्याच्या शेजारचं स्टूल पुढे ओढलं आणि बसली. पेटी हातात घेतली, अंगठ्याने जीभ दाबली, सोडली, कानाशी धरून पुन्हा दाबली.

"कुणाचं आहे?"

"एक गोदाम आहे," तो म्हणाला.

"हे बाहेरून ठोकून उघडणार नाही. आतून ठोकलं तर उघडेल. गोदामातला माल आतून ठोकतो होय?"

"माल नाही. जनावर आहे आत."

"कसलं?"

"म्हातारं आहे. सारखं पळून जातं."

परतबाईने पेटी उलटी करून बघितली. "पळतं म्हणजे पायात जोर आहे अजून. खायला घालतात ना वेळेवर?"

"घालतात."

"मग पळतं कशाला?"

खरं सांगायची ती एकच वेळ होती, समोर बसलेल्या शहाण्या बाईला ‘आई, हे तुझ्या दाराचं आहे’ एवढंच म्हणायचं होतं. पण मग ती पेटी दुरुस्त कोण करून देणार? त्याने हातरुमालाने मान पुसली आणि पुन्हा विचारलं, "काय करू याचं?"

"जीभ उभी ठेवलीस, तिथेच गाढवपणा झाला," ती म्हणाली. उत्साहाने तिचा आवाज तरुण झाला होता. "दार हादरलं की जीभ स्वतःच्या वजनाने खाली बसणारच. स्प्रिंग बिचारी काय करेल? आडवी घाल जीभ. तिचं तोंड जरा लांब उताराचं कर, म्हणजे पट्टी बोटानेसुद्धा लागेल. आणि जिभेच्या पाठीमागे एक अडणी ठेव, जीभ मागे सरकू न देणारी. कान आत शिरला की अडणी पडली पाहिजे, आणि किल्लीशिवाय उठता कामा नये. मग ठोकू दे किती ठोकायचंय ते."

एवढ्यावर ती थांबली नाही. तिने तारेचं भेंडोळं मागितलं, सळई मागितली, आणि थरथरणाऱ्या बोटांनी स्वतः स्प्रिंग वळून दिली. तार हातात आली तशी थरथर थांबली. सगळे वेढे एकसारखे पडले. ती दुपारभर स्टुलावरून उठली नाही. दुकान आठवलं नाही, नवरा आठवला नाही. मिस्त्री कानस चालवत होता, ती "जास्त घासू नकोस", "बस", "आता तेल" असं सांगत होती, आणि मधूनच एखादी जुनी भानगड काढून हसत होती. सून चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. त्या घरात मायलेकांना एकत्र हसताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी सासूला वर नेऊन झोपवल्यावर ती खाली आली.

"अहो, आज दुपारभर त्या कुठे गेल्या नाहीत."

"हं."

"उद्यापासून इथेच बसवा ना त्यांना, स्टुलावर. तार द्या हातात. मग कुलूप कशाला हवंय?"

मिस्त्रीने पेटीतून मान वर केली नाही. "इथे गिऱ्हाइकं येतात."

"येऊ देत की."

"आणि त्यांच्यासमोर तिने माझं कुलूप माझ्या मांडीवर फेकलं म्हणजे? या वयात?"

"फेकलं तर फेकलं. आई आहे ती तुमची."

"कुलूप तूच मागितलं होतंस," तो म्हणाला.

ते खरं होतं. पण मिस्त्रीचं कारण गिऱ्हाइकं नव्हती. पेटी तयार होत आली होती. ती टिकणार हे त्याला हाताला कळत होतं, आणि आई स्टुलावर बसली तर ती पेटी कुणाच्या दाराला लावायची, कोण ठोकून बघणार, हा प्रश्न होता. माणूस वाईट असायला फार मोठं काही लागत नाही. कधी कधी चांगलं जमलेलं काम पुरतं.

दुसऱ्या दिवशी त्याने पेटी चौकटीवर बसवली. सुनेने सासूला खायला दिलं, तोंड पुसलं, बाहेर आली आणि नवऱ्याने नजरेने खुणावलं तशी पट्टी कोपराने ढकलली. खट्. आवाज वेगळा होता, एका दमात संपणारा. मिस्त्री दाराला कान लावून उभा राहिला.

पलंग करकरला. काठी आली. ठोके पडले, तीन, पूर्वीइतकेच नेमके. पट्टी जागची हलली नाही. मग पुन्हा तीन, जरा जोराने. पट्टी तशीच.

"झालं," परतबाई आतून म्हणाली.

मिस्त्रीने बायकोकडे बघितलं. शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता त्याचा. सगळी हयात ज्या शब्दासाठी गेली, तो शब्द त्याला मिळाला होता. तो आनंद खोटा नव्हता, आणि तेच त्यातलं सगळ्यात वाईट होतं.

"आता उघड," आतून आवाज आला.

किल्ली त्याच्या खिशात होती. हात खिशापर्यंत गेलाही.

"उघड रे. किल्ली लावून दाखव."

"अहो, उघडा ना एकदा," बायको कुजबुजली. "रिवाज आहे त्यांचा."

"उघडलं तर निघेल बाहेर," मिस्त्री म्हणाला. त्याने हात खिशातून काढून घेतला आणि जिना उतरून खाली गेला. मागून बराच वेळ आवाज येत राहिला. आधी हुकमाचा, मग चढलेला, मग कुणाला तरी विचारल्यासारखा: "ठोंब्या? उघडतंय ना रे ते?"

जेवणाच्या वेळी सून किल्लीने दार उघडे, पण तोवर आतल्या बाईला कुलपाचा विसर पडलेला असे. रोज नव्याने ती ते कुलूप ठोकून बघे. ठोक्यांचा आवाज खाली गिऱ्हाइकांपर्यंत येतो म्हणून मिस्त्रीने तिची काठी काढून घेतली. कुठे जायचं नाही तर काठी हवी कशाला, हे त्याचं म्हणणं. मग ती बोटांच्या पेरांनी ठोकू लागली. जिथे नवऱ्याची कानस बसायची, तीच पेरं. ती सुजली, सोलवटली. सून त्यांना मलम लावायची आणि नवऱ्याशी बोलायची नाही. मिस्त्री मात्र काम सोडून रोज एकदा वर जायचा, दाराशी उभा राहायचा. ठोके ऐकायचा, ‘झालं’ ऐकायचा आणि तेवढं ऐकून घाईने परत फिरायचा.

पट्टीचं ते कुलूप पुढे चांगलं खपलं. हात न लावता बंद होणारं, कितीही हादरवलं तरी न उघडणारं. गोदामवाल्यांच्या उड्या पडल्या. असंच एक गिऱ्हाईक आलं होतं. त्याने नमुना हातात घेतला, अंगठ्याने जीभ दाबून बघितली.

"ठोकून बघितलंय ना?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय!" मिस्त्री म्हणाला. "आमच्या आईने पास केलंय. गल्लीत कुणालाही विचारा, तिच्या हातून सुटणं सोपं नाही."

तेवढ्यात वरून ठोके ऐकू आले, बारीक, बोटांचे. पाठोपाठ ‘झालं’. गिऱ्हाइकाने छताकडे बघितलं.

"त्याच का?"

"त्याच," मिस्त्री अभिमानाने म्हणाला. "अजून रोज बघते."

आणि पुढचे शब्द खाली पोहोचायच्या आत त्याने ग्राइंडरचं बटण दाबलं.